पंचफुलाबाईंचं घमेलं

पंचफुलाबाईंकडे चहा प्यायचा, तर आधी कप उकळताना बघावा लागे. स्टोव्हवर पातेलं चढायचं, त्यात कपबशी सोडली जायची, पाणी खदखदू लागलं की बाई चिमट्याने कप बाहेर काढायच्या आणि माझ्याकडे वळवून म्हणायच्या, "बघा मॅडम, उकळून दिलाय." पहिल्या वेळी मला वाटलं, नर्सबाई आहेत, दवाखान्याची सवय घरी आली असेल. मी हसले. त्या हसल्या नाहीत. चहा हातात दिल्यावर माझा कप अर्धा होईपर्यंत त्या समोर उभ्या राहिल्या. मी चहा पिते की नुसता ओठाला लावून ठेवून देते, हे त्या बघत होत्या. ते माझ्या लक्षात यायला पुढे बरेच दिवस गेले.

मी कळमनुरीला शाळेत लागले तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. हिंगोली जिल्हा व्हायला अजून अवकाश होता. सुमनकाकूंच्या घरामागच्या अंगणात भाडेकरूंसाठी दोन-दोन खोल्यांची दोन बिऱ्हाडं होती. एकात आम्ही नवराबायको, दुसऱ्यात पंचफुलाबाई. मधे एक भिंत, बाहेर सामाईक नळ. बाई सरकारी दवाखान्यात होत्या. चाळिशी ओलांडलेली, अंगाने काटक, अंबाडा असा आवळलेला की भुवया वर ओढल्यासारख्या दिसत. नवऱ्याविषयी विचारलं तर, "हाय की नांदेडात, दुसरी करून," एवढ्यात विषय मिटवायच्या. त्यांना नावाने हाक मारणारी मी एकटीच. बाकी सगळं गाव सिस्टर म्हणे आणि त्यांना तेच बरं वाटे. "सिस्टरला आडनाव लागत न्हाई," असं म्हणायच्या.

आडनाव लागत होतं, ते त्यांनाही माहीत होतं. खोली घेताना काकांनी ते विचारलंच नव्हतं. सरकारी नोकरी, एकटी बाई, एवढं ऐकून त्यांनी किल्ली दिली. सामान उतरताना चादरीतून बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर निघाली, तेव्हा काकू दारातच थबकल्या. पण दिलेली किल्ली परत मागायची काकांना लाज वाटली. एवढ्या लाजेवर पंचफुलाबाई त्या घरात राहत होत्या. काकू वाईट नव्हत्या, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणून मीही म्हणते. सणावाराला पुरणपोळी द्यायच्या, पण वरून सोडायच्या. सुनेचं बाळंतपण अडलं तेव्हा, "सिस्टर, तुमीच हात लावा," म्हणून दवाखान्यात बाईंचे पाय धरले होते. नातू झाला. त्याच्या बारशाला बाईंना बोलावलं आणि ओसरीवर बसवलं.

मग बाईंनी आपलं एक धोरण ठरवून टाकलं होतं. आपल्या घराला नाव ठेवायला कुणाला जागा द्यायची नाही. फरशी सकाळ-संध्याकाळ पुसायची. भांडी आरशासारखी. पांढरी साडी रोज धुतलेली, रोज इस्त्रीची. त्यांच्याकडे माझ्याशिवाय कुणी येत नसे, पण घर असं ठेवायच्या की आत्ता दारात तपासणी येऊन उभी राहणार आहे. "सिस्टरच्या घरी माशीलाही पाय पुसून यावं लागत असेल," असं माझा नवरा म्हणायचा. आम्ही हसायचो. आम्हाला हसणं परवडत होतं.

शिरड शहापूरच्या बाजूला त्यांची आधी नेमणूक होती, तेव्हाची एक गोष्ट त्या सांगायच्या. एका खेड्यात पायाळू मूल. दिवसभर बाई त्या बाळंतिणीशी झटत होत्या. मूल जगलं, आई जगली. मग घरच्यांनी चहा दिला, कान तुटलेल्या कपात. पिऊन झाल्यावर म्हातारी म्हणाली, "सिस्टर, कप धुवून गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! धुतला. त्यांच्याच चुलीवर पानी खदखद उकळत व्हतं बाळंतिणीसाठी. त्याच्यात टाकला. चिमट्यानं काढला आन् म्हातारीच्या हातात दिला. म्हनलं, घ्या आजी, आता तुमच्या देवाला बी चालंल."

"घेतला तिनं?"

"घेतला. मी गेल्यावर फोडला आसंल." आणि मग एकदम मऊ आवाजात, "पोरगं मोठं गोड व्हतं मॅडम. पाय आधी आले तरी रडलं कसं खणखणीत."

त्या गावाचं नाव त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पोराचं नाव मात्र त्यांना पाठ होतं.

अशा बाईच्या घरी मांजर यावं, हे नवलच. दवाखान्याच्या धुण्याच्या खोलीत मांजर व्याली होती. शिपायाने पिल्लं पोत्यात भरली. त्यातलं एक पोत्याबाहेर राहिलं, ते बाईंनी सलाईनच्या खोक्यात घालून घरी आणलं. राखी रंगाचं, पोटाशी पांढरं. नाव ठेवलं चिंगी. मी म्हटलं, "पंचफुलाबाई, मांजर घाण करतं हं." तशा त्या ताठ झाल्या. "माझं न्हाई करनार."

आणि खरंच, नाही केली. बांधकामावरचं एक जुनं लोखंडी घमेलं होतं, बुडाला डांबर लावून भोक बुजवलेलं. त्यात राख भरायची. राख आमच्या पाण्याच्या चुलीतली. रोज सकाळी मी ती डब्यात भरून भिंतीवर ठेवायची आणि बाई न्यायच्या. पिल्लाला त्यांनी आठवडाभर घमेल्यात नेऊन बसवलं, पंजा धरून राख उकरून दाखवली. पुढे चिंगी आपली आपण जायला लागली. आधी उकरायची, बसायची, मग परत झाकायची, हुंगून बघायची, समाधान झालं नाही तर पुन्हा राख ओढायची. बाई समोर उभ्या राहून बाळंतिणीला द्यावा तसा धीर द्यायच्या, "लाव जोर, लाव, झालंच आता." आणि झालं की, "शाब्बास माझी बाय. आपलं आपन झाकून ठेवायचं."

हे वाक्य त्या फार म्हणायच्या. मांजराला म्हणतात असं मला तेव्हा वाटायचं.

तीनेक वर्षं चिंगी कधी चुकली नाही. बाईंना तिचा केवढा अभिमान! "आमच्या दवाखान्यातल्या मान्सांना इतकं कळत न्हाई," म्हणायच्या. ड्युटीवरून आल्या की साडी बदलायच्या आधी घमेल्याकडे बघायच्या आणि मान डोलवायच्या. घरात एकच जीव बोलायला होता. तिच्याशी त्या दवाखान्यातलं सगळं बोलायच्या, भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. कोण दगावलं, कुणाला मुलगी झाली म्हणून सासूने तोंड वाकडं केलं, सगळं.

हे सगळं बिघडलं ते काकूंच्या मुलीला बघायला वसमतकडची मंडळी आली त्या दिवशी. पाहुणे अंगणात बसले होते. मी पोहे द्यायला मदत करत होते. पाहुण्यांतल्या एका बाईने मागच्या बिऱ्हाडांकडे मान वळवून विचारलं, "तिकडं कोन ऱ्हातं?" काकू म्हणाल्या, "एक मॅडम हायेत. आन् एक सिस्टर." "कोन सिस्टर? कोनापैकी?" काकू काही तरी हळू बोलल्या. पाहुणीने पदर नाकाशी नेला आणि म्हणाली, "तवाच. मगापासून कसला वास येऊन राहिला?"

मी तिथे होते. अंगणात वास होता तो कढीपत्त्याच्या फोडणीचा, आणि बाजूच्या वखारीतल्या हळदीच्या पोत्यांचा. दुसरा कसलाही नव्हता. काकूंनाही ते ठाऊक होतं. पण लेकीचं जमत होतं. त्या घाईघाईने म्हणाल्या, "मांजर हाय ना सिस्टरचं, त्याचा आसंल."

पंचफुलाबाईंचं दार थोडं उघडं होतं. फटीतून मला त्यांची पांढरी साडी दिसली. साडी हलली नाही. मग दार लागलं.

त्याच संध्याकाळी बाई बाजारातून काळ्या फिनेलची बाटली घेऊन आल्या. दवाखान्यात फिनेलचे कॅन भरलेले असत, पण तिथला कापसाचा बोळाही त्यांनी कधी घरी आणला नाही. घमेलं रिकामं केलं, फिनेलने घासलं, नवी राख भरली, वरून फिनेल शिंपडलं. फरशीही त्याच पाण्याने पुसली. दूधट पांढरं पाणी मोरीतून वाहत आमच्या दारापर्यंत आलं. मी म्हटलं, "बाई, अहो कुठे वास येत होता? ती बाई उगाच बोलली."

"उगंच बोलली ना? मंग आता उगंच बी बोलाया नको."

दुसऱ्या दिवशी चिंगी घमेल्यापाशी आली. एक पंजा आत ठेवला, उचलला, झटकला आणि मागे सरली. घमेल्याभोवती फिरली. बाई म्हणाल्या, "जा ना गं, काहून घाबरती?" ती गेली नाही. दुपारी ट्रंकेमागे ओलं सापडलं.

पुढे जे सुरू झालं ते फार वाईट होतं. चिंगी अजिबात घमेल्यात जात नव्हती असं असतं तर बरं झालं असतं. मधूनच जायची. राखेचा ढीग नवा असला, वरचं फिनेल उडून गेलं असलं, की जायची. मग बाई भिंतीवरून मला हाक मारायच्या, "मॅडम, आज गेली बरं का!" त्या आनंदात परत फिनेल ओतायच्या, की लागली सवय, आता पक्की करू. दुसऱ्या दिवशी चिंगी इस्त्रीच्या साड्यांवर बसलेली असायची. त्या साड्या धुवायच्या, कोपरा घासायचा, आणखी फिनेल. घमेलं बदलून पाहिलं, जागा बदलून पाहिली. नवीन घमेलंही पहिल्यांदा फिनेलनेच धुतलं. चिंगी जितकी चुकायची, तितक्या बाई घासायच्या आणि बाई जितक्या घासायच्या, तितकी चिंगी चुकायची. जो वास त्या घरात कधी नव्हता, तो महिन्याभरात खरोखरच यायला लागला.

एकदा ड्युटीवर जाताना त्या माझ्या दारात थांबल्या. पदराचं टोक माझ्यापुढे धरलं. "खरं सांगा मॅडम. येतो का वास?"

"येतो," मी म्हटलं. "फिनेलचा."

"तेवढाच?"

"तेवढाच."

दोन्ही येत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि घरात परत जाऊन साडी बदलून आल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना ड्युटीला उशीर झाला.

काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं, वसमतकडेच. लग्नाआधी काकू मागे आल्या, उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या. "सिस्टर, पाव्हनेरावळे येतील आता. एक तर मांजर ठेवा, न्हाई तर खोली ठेवा. माझं काई म्हननं न्हाई बघा, पन लोकं बोलतेत."

"व्हय काकू," एवढंच बाई म्हणाल्या.

मी रागावले होते. त्यांना म्हटलं, "सोडा ही खोली. दुसरी मिळेल."

"मिळंल की. पन जाताना काय म्हनतील? सिस्टरला घान म्हून काढलं. मी जाईन मॅडम, माझ्या मनानं जाईन. घान म्हून न्हाई जानार."

"मग चिंगीला कुरुंद्याला तुमच्या भावाकडे ठेवा. मळा आहे, मोकळी राहील."

त्या म्हणाल्या, "तिला घान म्हून काढू? मी?"

मी राखेचा रिकामा डबा उचलला आणि घरी आले.

म्हणजे बाईंना आणि चिंगीला, दोघींनाही तिथेच राहायचं होतं आणि स्वच्छ राहायचं होतं. बाईंना यावर एकच इलाज माहीत होता. बाटली संपली की दुसरी यायची. माझ्या चुलीतली राख मी रोज देत होते, आणि ती राख भिंतीपलीकडे गेल्यावर तिचं काय होत होतं तेही मला दिसत होतं. पण नर्सबाईला फिनेलविषयी काय सांगायचं? दवाखाना फिनेलवरच तर चालायचा.

मग चिंगीने खाणं सोडलं. तोंडातून लाळ गळायला लागली. पंजे लाल झाले, ते ती सारखी चाटायची आणि चाटून झालं की अंग टाकायची. बाईंनी तिला पिशवीत घातलं, पिशवी माझ्या मांडीवर दिली आणि आम्ही रिक्षाने गुरांच्या दवाखान्यात गेलो. पुढे एक बैल होता. आमचा नंबर आल्यावर डॉक्टर जरा हसले, मांजर घेऊन त्यांच्याकडे सहसा कुणी येत नसे. पण चिंगीचं तोंड उघडून बघितलं आणि हसू गेलं. जिभेवर फोड होते. त्यांनी पंजा हातात घेतला, हुंगला.

"सिस्टर, फिनेल कुठं वापरता?"

"घमेल्यात. ती बसती त्याच्यात. आन् फरशीला."

"रोज?"

"रोज. दोनदा."

डॉक्टर भला माणूस होता. आवाज खाली आणून म्हणाला, "मांजराला ते सोसत नसतं सिस्टर. पंजाला लागतं, पंजा ते चाटतं, पोटात जातं. म्हणून ते घमेल्यापासून पळत असंल. त्याला कळत होतं."

बाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. इतक्या बाळंतपणांत रक्त बघून न डगमगलेली बाई. "म्हंजे मीच," त्या म्हणाल्या. डॉक्टर इंजेक्शन भरायला वळले.

घरी आल्यावर बाईंनी फिनेलची बाटली अंगणात नेऊन मोरीत उलटी केली. घमेलं साध्या पाण्याने धुतलं, पुन्हा धुतलं, दिवसभर उन्हात ठेवलं, नाक लावून हुंगलं, पुन्हा धुतलं. माझ्याकडची राख चाळून त्यात भरली. चिंगी गोधडीवर पडून होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, आम्ही दोघी तिथेच बसलो असताना, ती उठली. पाय लटपटत होते. भिंतीला अंग घासत घमेल्यापर्यंत गेली, हुंगलं, काठावरून चढताना एकदा पडली. बाई तिला उचलायला गेल्या नाहीत, मलाही हाताने थांबवलं. चिंगी आत गेली. उकरलं. बसली. मग वळून, होती नव्हती ती ताकद लावून, राख ओढून झाकलं.

नेहमीसारखं शाब्बास बाईंच्या तोंडून निघालं नाही. त्या म्हणाल्या, "बघा मॅडम. ती इसरली नव्हती."

मग त्या रडल्या. पांढऱ्या साडीच्या पदराने तोंड दाबून, आवाज भिंतीबाहेर जाऊ नये अशा. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं. दोन दिवसांनी चिंगी गेली.

काकू सांत्वनाला आल्या, उंबऱ्याबाहेरूनच. "मुकं जनावर व्हतं, वाईट झालं." थोडं थांबून म्हणाल्या, "पन आता ऱ्हावा की सिस्टर. आता काई अडचन न्हाई."

"व्हय. अडचन गेली," बाई म्हणाल्या.

त्या लग्न होईपर्यंत राहिल्या. कुणाला बोलायला जागा ठेवली नाही. लग्नाच्या जेवणावळीत काकूंना चक्कर आली तेव्हा बाईंनीच त्यांना आडवं केलं, साखरपाणी पाजलं. घरात वास नव्हता, मांजर नव्हतं, भिंतीपलीकडचं बोलणंही नव्हतं. ड्युटीवरून आल्यावर कुलूप उघडल्याचा आवाज यायचा आणि मग काहीच नाही. पुढे हिंगोली जिल्हा झाला, तिथे नव्या जागा निघाल्या, बाईंनी बदली मागून घेतली. त्यांच्या मनाने.

जायच्या दिवशी त्यांनी दोन्ही खोल्या नुसत्या पाण्याने धुतल्या, फरशीवर तोंड दिसेल अशा. काकूंच्या हातात किल्ली दिली. टेम्पो निघाला. मी नळावर कपडे धूत होते. टेम्पो गल्लीच्या टोकाला पोचला असेल नसेल, काकू तांब्या आणि आंब्याचा डहाळा घेऊन मागे आल्या. तांब्यात गोमूत्र होतं. डहाळा बुडवून त्या बाईंच्या खोलीत शिंपडायला लागल्या. ज्या खोलीत मांजराच्या मुताने एवढं सगळं झालं, त्या खोलीत. मी हातातलं कापड पिळायचं विसरले.

तेवढ्यात पंचफुलाबाई परत आल्या. घमेलं मागच्या खिळ्याला टांगलेलं राहून गेलं होतं. त्या दारात उभ्या राहिल्या. काकूंनी मान वर केली आणि त्यांचा डहाळा हवेतच राहिला. गोमूत्राचे थेंब स्वच्छ फरशीवर पडत होते. काकू पुटपुटल्या, "तसं न्हाई सिस्टर, रीत असती…"

"करा की," बाई म्हणाल्या. ड्युटीवर वॉर्डातल्या आयाला सांगावं, तसा आवाज होता, त्यात राग नव्हता. "काहून थांबल्या? तिकडं शिंपडा, ट्रंकेची जागा व्हती तिथं. कोपऱ्यात बी. बराबर शिंपडा."

काकू तशाच उभ्या राहिल्या. बाईही हलेनात. मी कप तोंडाला लावते की नाही हे बघत उभ्या राहायच्या, तशा त्या बघत उभ्या होत्या. शेवटी काकूंनी डहाळा बुडवला आणि कोपऱ्यात शिंपडलं.

पंचफुलाबाईंनी ते पूर्ण होऊ दिलं. मग मागे जाऊन घमेलं खिळ्यावरून काढलं, काखेत घेतलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. गल्लीच्या टोकाला टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, तिकडे त्या ताठ चालत गेल्या. घमेल्याच्या काठाला थोडी राख चिकटलेली होती. ती त्यांच्या पांढऱ्या साडीला लागत होती आणि त्यांनी ती झटकली नाही.